डोणीतला हिशेब

मराठी वाचकाला ठाऊक असलेले डुक्कर हे कोणी न पोसलेले जनावर आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) ते तसेच दिसते: गावभर हिंडणारे, गावाने टाकलेले खाणारे, ज्याच्या स्पर्शाचा विटाळ होतो आणि ज्याला पकडण्याचे काम एकाच घरावर येऊन पडते. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गोव्यात जुन्या घरांच्या परसात डुकराला तांदळाचे धुवण, उरलीसुरली पेज मिळे, आणि घरच्या संडासाची सफाईही त्याच्याकडेच असे. दोन्हीकडे समजूत एकच. डुक्कर म्हणजे काहीही, कितीही आणि कधीही खाणारे तोंड. त्याच्या जेवणाचे वेळापत्रक असू शकते, ते ग्रॅममध्ये मोजले जाऊ शकते आणि त्यावर विद्यापीठांत वर्षानुवर्षे प्रयोग होऊ शकतात, हे आपल्याला सहसा सुचत नाही.

युरोपातही ते फार उशिरा सुचले. मध्ययुगात शरद ऋतूत डुकरांचे कळप ओकच्या रानात हाकले जात आणि खाली पडलेल्या फळांवर ती माजत. इंग्लंडच्या १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत काही परगण्यांतली जंगले एकरांत मोजलेलीच नाहीत. इतक्या डुकरांना पुरेल एवढे रान, अशी नोंद आहे. म्हणजे डुक्कर हे जमीन मोजण्याचे माप होते. आठ शतकांनी उलटे झाले आणि डुकरासाठी मापे तयार होऊ लागली. या बदलाचा आरंभ शोधायचा तर डेन्मार्ककडे जावे लागते.

१८७० च्या दशकात अमेरिकेतला स्वस्त गहू आगबोटींनी युरोपात येऊ लागला आणि धान्याचे भाव कोसळले. बहुतेक देशांनी जकातीच्या भिंती उभारल्या. डेन्मार्कने तसे केले नाही. डॅनिश शेतकऱ्याने विचार केला की धान्य इतके स्वस्तच असेल तर ते विकण्यापेक्षा जनावराला घालावे आणि लोणी विकावे. त्याच सुमारास, १८७८ मध्ये, दुधातली साय फिरत्या चक्राने सतत वेगळी करणारी यंत्रे आली. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग या खेड्यात पहिली सहकारी डेअरी निघाली. (सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशात वाढलेल्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल; फरक एवढाच की तिथे एका गायवाल्याला आणि शंभर गायवाल्याला मत एकच होते, आणि ते बऱ्याच अंशी पाळलेही जाई.) लोणी इंग्लंडला जाऊ लागले. प्रश्न राहिला तो साय काढून घेतलेल्या दुधाचा. डेअरी ते सभासदाला परत देई. एवढ्या दुधाचे करायचे काय? घरची माणसे ते पिऊन पिऊन किती पिणार?

उत्तर डुक्कर हे होते. १८८७ मध्ये जर्मनीने रोगाच्या कारणावरून डॅनिश जिवंत डुकरांना बंदी घातली, आणि त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी बेकन कारखाना उभा राहिला. जिवंत डुक्कर जर्मनीला जाण्याऐवजी खारवलेले बेकन इंग्रजांच्या न्याहारीच्या बशीत जाऊ लागले. १८८१ च्या गणनेत डेन्मार्कमध्ये सुमारे सव्वापाच लाख डुकरे होती. १९१४ मध्ये ती २५ लाखांच्या घरात पोचली. ही सारी वाढ लोण्याच्या पाठीवर बसून आली.

इथे नील्स योहानेस फ्योर्ड या माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोपनहेगनच्या पशुवैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयातला हा अध्यापक मुळात लोण्याच्या आणि यंत्रांच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध. १८८० च्या दशकात त्याने डुकरांच्या खाण्याचे प्रयोग हाती घेतले, तेही प्रयोगशाळेत न कोंडता चालत्या शेतांवर, डुकरांचे सारखे गट पाडून. त्याचा प्रश्न अगदी वाण्याच्या दुकानातला होता: बार्लीच्या एका पौंडाला साय काढलेले दूध किती द्यावे म्हणजे बरोबरी होईल? उत्तर आले, सहा पौंड. चीज केल्यावर उरणारे आंबूस पाणी असेल तर बारा पौंड. या साध्या गुणोत्तरांवर सगळ्या देशाचा व्यवहार चालू शकत होता. डेअरीतून परत येणाऱ्या प्रत्येक डब्याची किंमत आता बार्लीत सांगता येत होती. पुढे स्कँडिनेव्हियात खाद्य मोजण्याचे जे ‘खाद्य-एकक’ रूढ झाले त्याची मुळे या कामात आहेत.

परत येणाऱ्या त्या दुधातून क्षयाचे जंतूही घरोघर पोचत, कारण शंभर गोठ्यांचे दूध एकत्र होऊन पुन्हा शंभर गोठ्यांत जाई. १८९८ च्या कायद्याने डेअऱ्यांना ते दूध तापवूनच परत देणे भाग पडले. दूध तापवण्याच्या सक्तीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल येते. डेन्मार्कमधली ही सक्ती वासरांसाठी आणि डुकरांसाठी होती.

१९०७ पासून तिथे परीक्षण केंद्रे सुरू झाली. एका जोडीची चार भावंडे केंद्रावर आणायची, सर्वांना वजनाप्रमाणे मापून तेच अन्न द्यायचे आणि सुमारे ९० किलोला कापून पाठीवरच्या चरबीची जाडी मोजायची. ज्या आईबापांची पिल्ले कमी खाऊन लांब आणि सडपातळ निघाली, त्यांचा वंश पुढे. इंग्रज ग्राहकाला चरबी नको होती आणि कारखाना चरबीच्या जाडीवर भाव ठरवी. त्यामुळे डोणीत पडणारे माप आता पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचेही माप झाले.

जर्मनीत या काळात खाद्याचे तक्ते बनवण्याचे शास्त्र बहरले होते. एमिल वोल्फने घालून दिलेल्या आणि लेमानने सुधारलेल्या ‘वोल्फ-लेमान’ प्रमाणांची कीर्ती इतकी होती की ती विनोदी वाङ्मयातही शिरली. पी. जी. वुडहाउसच्या वाचकांना १९२७ ची ती कथा आठवेल. लॉर्ड एम्सवर्थची लाडकी डुकरीण, एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज, तिचा राखणदार तुरुंगात गेल्यावर अन्नाला तोंड लावीनाशी होते. वोल्फ-लेमानप्रमाणे तिच्या पोटात रोज ५७,८०० कॅलरी जायला हव्यात, आणि मालक हवालदिल. शेवटी उपाय सापडतो तो एका विशिष्ट हाकेत. कथा अर्थातच थट्टेची आहे. पण वुडहाउसने थट्टेत जे धरले ते शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला आणखी अर्धशतक लागले: डुकराचे जेवण म्हणजे केवळ कॅलरींची बेरीज नव्हे, त्यात वेळ असते, ओळखीचा आवाज असतो आणि वाट पाहणे असते.

अमेरिकेची वाट निराळी होती. तिथे मका अमाप आणि चरबीलाही गिऱ्हाईक. आयोवातल्या एव्हर्ड या संशोधकाने १९१५ मध्ये विचारले की डुकराची भूक हीच त्याच्या गरजेची खरी खूण मानता येईल का. त्याने निरनिराळी खाद्ये वेगवेगळ्या पेट्यांत ठेवून निवड डुकरांवर सोडली. डुकरांनी ती बऱ्यापैकी शहाणपणाने केली आणि ती झपाट्याने वाढली. पण ज्या बाजारात पाठीवरच्या चरबीच्या प्रत्येक रेषेमागे पैसे कापले जात, त्या बाजारात डुकराचे स्वतःचे मत विचारणे परवडणारे नव्हते.

मग केंब्रिज. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जॉन हॅमंड यांच्या हाताखाली न्यूझीलंडहून आलेला सी. पी. मॅकमीकन हा तरुण काम करीत होता. त्याने केलेला प्रयोग पशुविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अजून शिकवला जातो, आणि मला तो त्या काळातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. जवळच्या नात्यातली, म्हणजे रक्ताने शक्य तितकी सारखी, डुकरे घेतली. त्यांचे चार गट. पहिल्याला जन्मापासून भरपूर. चौथ्याला सतत हात राखून. दुसऱ्या गटाला सोळा आठवड्यांपर्यंत भरपूर आणि मग तुटपुंजे. तिसऱ्याला नेमके उलट, आधी तुटपुंजे आणि मग भरपूर. वाढीची रेषा आधी कागदावर काढलेली होती आणि प्रत्येक डुकराला त्या रेषेवर ठेवण्यापुरते अन्न दिले जाई. २०० पौंड वजन भरले की डुक्कर कापायचे आणि मग सुरीने प्रत्येक हाड, प्रत्येक स्नायू, चरबीचा प्रत्येक थर सोडवून वेगवेगळा तोलायचा.

दुसरा आणि तिसरा गट लक्षात घ्या. दोघांचे शेवटचे वजन सारखे, तिथे पोचण्याचे वयही जवळपास सारखे. फरक फक्त भरपूर दिवस आधी आले की नंतर, एवढाच. तरी ज्यांना आधी भरपूर मिळाले त्यांच्या शरीरात चरबी सुमारे ३३ टक्के निघाली, आणि ज्यांना नंतर मिळाले त्यांच्यात सुमारे ४४ टक्के. मॅकमीकनने आणि हॅमंडने याचा अर्थ असा लावला की शरीरातल्या ऊतींची वाढ क्रमाने येते, आधी हाड, मग स्नायू, शेवटी चरबी. ज्या वेळी जे वाढायचे असते त्या वेळी मिळालेले अन्न त्याच्या वाट्याला जाते. १९४० आणि १९४१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये एल्स्ली, मॅकडोनल्ड आणि फाउलर यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. चरबी हिशेबातून वगळली तर उरलेल्या स्नायू-हाडांच्या प्रमाणात चार गटांत फारसा फरक राहत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे अन्नाच्या मापाने शरीराचा साचा बदलत नव्हता, बदलत होती ती मुख्यतः चरबी. सिद्धान्ताला हा मोठाच धक्का होता. व्यवहाराला मात्र त्याने काही बाधा आली नाही. बेकनवाल्याला हवी होती ती कमी चरबी, आणि ती कशी मिळवायची हे त्याला कळले होते: पिल्लाला मोकळ्या हाताने घाला, आणि डुक्कर मोठे होऊन त्याची भूक ऐन भरात आली की हात आखडा.

या शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज आहे. पण मध्ये महायुद्ध आले. धान्य माणसांनाच पुरेना तेव्हा ब्रिटनमधली डुकरांची संख्या निम्म्याहून खाली गेली. १९४० मध्ये छोट्या डुक्करपाळांची परिषद स्थापन झाली, आळीआळीतून ‘पिग क्लब’ निघाले आणि स्वयंपाकघरातले खरकटे राष्ट्रीय संपत्ती ठरले. लंडनजवळच्या टॉटनहॅमच्या नगरपालिकेने ते शिजवून घट्ट केले, त्याला ‘टॉटनहॅम पुडिंग’ असे नावही पडले. (ऑरवेलच्या ‘ॲनिमल फार्म’मध्ये डुकरांचा पहिला भ्रष्टाचार दूध आणि सफरचंदे स्वतःच्या आंबोणात वळवण्याचा आहे. १९४५ च्या वाचकाला रेशनकार्डामुळे तो अधिकच बोचला असणार.) खरकट्याची ही परंपरा २००१ पर्यंत टिकली. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. नॉर्थम्बरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल येथील डुकरांच्या शेतावर नीट न शिजवलेल्या खरकट्यातून तिचा उगम झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, खरकटे घालण्यावर बंदी आली आणि लवकरच ती युरोपभर लागू झाली.

आता मूळ धाग्याकडे. आतापर्यंतचा सगळा विचार कापायच्या डुकराचा होता. त्याचे आयुष्य जेमतेम सहा महिन्यांचे. पण त्याला जन्म देणारी मादी वर्षानुवर्षे जगते. आणि ती कोणाची लेक? वेगाने वाढणाऱ्या, अन्नाचे भराभर मांस करणाऱ्या वंशाची. वाढीसाठी निवडलेली दांडगी भूक तिला वारशाने मिळालेली असते. मात्र तिने वाढू नये अशी मालकाची इच्छा असते, कारण लठ्ठ मादी विताना अडते, लंगडते, पिल्लांवर पडते आणि पाजण्याच्या दिवसांत, जेव्हा तिने खूप खायला हवे, तेव्हा नेमकी कमी खाते. म्हणून गाभणपणाचे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस तिला साधारण दोन ते अडीच किलो दाणेदार कोरडे खाद्य देतात. त्यात प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे सगळे बरोबर असते. ते संपायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मोकळे सोडले तर ती याच्या दुप्पट सहज खाईल. उरलेल्या साडेतेवीस तासांत तिने करायचे काय, हा प्रश्न तक्त्यात नव्हता.

१९६० नंतर या माद्या एकेकट्या अरुंद पिंजऱ्यांत किंवा गळ्या-छातीला पट्टा बांधून ठेवण्याची रीत पसरली. त्यामागचे एक कारण खाण्याचेच होते. कळपात दांडगी मादी दुबळीच्या तोंडचे ओढते. वेगळे ठेवले की प्रत्येकीला तिचे माप नक्की मिळते. समता आणावी म्हणून पिंजरा, असा हा विचार होता आणि तो निव्वळ ढोंगी नव्हता. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘ॲनिमल मशिन्स’ प्रसिद्ध झाले, गदारोळ उठला, आणि सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये अहवाल दिला: जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता-पुसता आणि पाय ताणता आले पाहिजेत. सारा भर जागेवर. पोटाचा उल्लेख पुढे आला तो १९७९ मध्ये, जेव्हा प्राण्यांच्या पाच मुक्ती सांगितल्या गेल्या आणि भूक-तहानेपासून मुक्ती त्यात पहिली मांडली गेली.

पिंजऱ्यातल्या माद्या चमत्कारिक वागत. समोरची लोखंडी सळई तासन्‌तास चावायची, तोंडात काही नसताना चघळत राहायचे, तोंडाला फेस येई. पाहणाऱ्याला वाटे, कोंडल्यामुळे वेड लागले. तसे म्हणणे सोपे होते आणि चळवळीच्या दृष्टीने सोयीचेही. १९८७ मध्ये ॲपलबी आणि लॉरेन्स यांनी बांधलेल्या तरुण माद्यांना वेगवेगळ्या प्रमाणात खायला घालून पाहिले. कमी खाणाऱ्या माद्यांत हे चाळे खूप, भरपूर खाणाऱ्यांत जवळपास नाहीत. बांधलेल्या मात्र सगळ्याच होत्या. १९९१ मध्ये टर्लू, लॉरेन्स आणि इलियस यांनी त्याची दुसरी बाजू तपासली आणि काही माद्या मोकळ्या ठेवल्या. कमी अन्नावरच्या मोकळ्या माद्यांनाही तेच चाळे लागले. वर्षानुवर्षे ज्याला कोंडलेपणाचे वेड म्हटले होते, ते मोठ्या प्रमाणात भुकेचे होते. तक्त्याप्रमाणे त्या जनावरांचे पोषण पूर्ण झालेले होते, हे विसरू नये. पोषण आणि पोट भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध करायला एवढी यातायात करावी लागली. कुठल्याही घरातली आजी ते न मोजता सांगते.

एडिंबरामध्ये त्याआधीच स्टोल्बा आणि वुड-गश यांनी एक शांत प्रयोग केला होता. शेतावरची सामान्य डुकरे त्यांनी डोंगरउतारावरच्या एका कुंपणात सोडली: झाडे, झुडपे, ओहोळ, चिखल. रोजचे खाद्य चालूच होते. तरीही दिवसाच्या उजेडाचा निम्मा वेळ ती नाकाने जमीन उकरण्यात आणि चरण्यात घालवीत. पिढ्यान्‌पिढ्या सिमेंटवर काढलेल्या जनावरांचे नाक काहीच विसरले नव्हते. आपल्याकडे वराहाने पृथ्वी वर उचलली ती सुळ्यावर. ज्याने ही कल्पना प्रथम केली त्याने डुकराला जमीन उलथताना नीट पाहिले असले पाहिजे.

कायदे हळूहळू आले. स्वीडनमध्ये ‘पिप्पी’ची लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांनी वयाच्या ऐंशीच्या आसपास वृत्तपत्रांतून शेतावरच्या जनावरांची बाजू लढवली, १९८८ च्या कायद्याला लोक तिच्याच नावाने ओळखू लागले. ब्रिटनने पिंजरे आणि पट्टे १ जानेवारी १९९९ पासून बंद केले. युरोपीय संघात २०१३ पासून गाभणपणाचा बहुतेक काळ माद्या गटात ठेवणे सक्तीचे झाले.

गटात ठेवल्यावर जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, तो म्हणजे प्रत्येकीला तिचे माप कसे द्यायचे? १९८० च्या दशकात गळ्यातला किंवा कानातला बिल्ला ओळखणारी यंत्रे आली. मादी आत शिरते, दार मागे मिटते, यंत्र तिचा हिस्सा ओतते. सुबक कल्पना. पण खाणे एकदाच, यंत्र एकच आणि बाहेर रांग. भुकेल्या माद्यांच्या रांगेत मागची पुढचीच्या मायांगाला चावू लागली. पिंजऱ्यातल्या शेडमध्ये खाण्याच्या वेळी किंकाळ्यांचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जाई. इथे आवाज कमी होता, जखमा जास्त. जागा बदलली होती, माप तेच होते.

युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात म्हणूनच एक तरतूद आहे, जी मला पिंजऱ्याच्या बंदीपेक्षाही महत्त्वाची वाटते. भूक शमावी आणि चघळण्याची गरज भागावी यासाठी गाभण मादीला ऊर्जा देणाऱ्या खाद्याबरोबर पोट भरणारे, चोथ्याचे खाद्यही पुरेसे दिले पाहिजे, असे तीत म्हटले आहे. फ्योर्डपासून चालत आलेल्या हिशेबात जनावराची भूक हा रकाना इथे कायद्याने घातला गेला. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मात्र निर्देशाने सांगितलेले नाही. मूठभर पेंढा टाकूनही तो पाळल्याचे दाखवता येते, आणि तसे दाखवलेही जाते.

किती लागते याचे एक उत्तर ॲबरडीनमध्ये १९९० च्या दशकात ब्राउन्स, एडवर्ड्‌स आणि इंग्लिश यांच्या प्रयोगांतून मिळाले. साखर काढून घेतल्यावर उरणारा बीटचा चोथा खाद्यात ६० टक्क्यांपर्यंत मिसळला आणि माद्यांना हवे तितके खाऊ दिले. दार नाही, यंत्र नाही, वेळ नाही. चोथा पोटात पाणी धरून फुगतो, सावकाश पचतो. माद्या आपण होऊन थांबल्या आणि फारशा लठ्ठही झाल्या नाहीत. डोणीत दिवसभर खाद्य शिल्लक असे, त्यामुळे तिच्याभोवती भांडण राहिले नाही. त्या सावकाश खात, मग जाऊन आडव्या होत. अडचण होती ती खर्चाची, कारण प्रत्येक मादी खाई ते वजनाने पुष्कळ जास्त, आणि चोथ्याचा भाव साखर कारखान्यांच्या हंगामावर आणि गाईंच्या मागणीवर वरखाली होई. पुष्कळ शेतकऱ्यांनी गणित मांडून पाहिले आणि अडीच किलोवरच राहिले.